मग ते ‘नाही’ गेलं कुठं?

*वाचकाचं पत्र:*

मॅडम, नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. बी.ए. झालं आहे, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते आणि संध्याकाळी घरच्या ओसरीत दहावीच्या अकरा पोरापोरींची इंग्रजीची शिकवणी घेते. मागच्या आठवड्यात मी ‘उन्हाळ्यात आम्हाला पाणी फारसं मिळत नाही’ हे वाक्य भाषांतराला दिलं. एका पोरीनं लिहिलं, ‘वी हार्डली डोन्ट गेट वॉटर इन समर.’ मी बरोबरची खूण केली. शाळेत सरांनी ‘डोन्ट’वर लाल काट मारली. संध्याकाळी तिचे बाबा वही घेऊन आले आणि ‘ताई, हे कसं काय?’ एवढंच म्हणाले. मला उत्तर देता आलं नाही. मराठीत ‘नाही’ आहे, इंग्रजीत ‘डोन्ट’ काढून टाकला, मग ते ‘नाही’ गेलं कुठं? त्या दिवसापासून वाटतंय की स्वतःलाच नीट येत नाही तर दुसऱ्याच्या लेकरांना कायले शिकवावं? शिकवणी बंद करू काय?

ता. क. गावच्या अभ्यासिकेसाठी मदत मागायला एका संस्थेला इंग्रजीत अर्ज लिहायचा आहे. त्यात मी लिहिलं आहे, ‘अंटिल वी डोन्ट गेट अ कनेक्शन, वी कॅनॉट ओपन द रूम इन द इव्हनिंग.’ हे तरी बरोबर आहे काय?

*उत्तर:*

प्रिय मुली,

तुझ्या पत्रातल्या ‘मग ते नाही गेलं कुठं?’ या प्रश्नाखाली मी पेन्सिलीनं रेघ ओढून ठेवली आहे. ज्याला हा प्रश्न पडतो त्यानं शिकवणी बंद करायची नसते. मी तीस वर्षांहून जास्त काळ विदर्भातल्या खेड्यापाड्यांत इंग्रजी शिकवलं. या एका चुकीवर किती लाल रेघा मारल्या असतील याची गणती नाही, पण ‘नाही’ कुठं गेलं हे विचारणारी लेकरं बोटावर मोजण्याइतकी भेटली. सुरुवातीची कित्येक वर्षं मीही नुसती रेघ मारत होते आणि कारण सांगत नव्हते. त्याची मला अजून हळहळ वाटते. म्हणून तुला कारण नीट सांगते.

ते ‘नाही’ कुठंही गेलेलं नाही. ते ‘हार्डली’च्या पोटात बसलेलं आहे.

आधी आपल्या मराठीकडे बघ. ‘पाणी फारसं मिळतं’ असं तुझ्या गावात कोणी म्हणतं काय? म्हणत नाही. ‘फारसं’ म्हटलं की ऐकणारा पुढच्या ‘नाही’ची वाट बघत असतो. ‘अजिबात’चंही तसंच. ‘कोणी’, ‘काही’, ‘कधी’, ‘कुठं’ या शब्दांतही स्वतःचा नकार नाही. ‘कोणी आलं काय?’ यात कुठं आहे नकार? ‘कोणी आलं नाही’ म्हटलं की तो येतो, आणि तो शेवटच्या ‘नाही’मुळे येतो. ‘कोणीच’ असा जोर दिला तरी ‘नाही’ लागतंच. आपल्या वाक्यात नकाराची जागा शेवटी, क्रियापदाजवळ असते आणि लहानपणापासून आपला कान तिथंच लागलेला असतो.

इंग्रजीत नकार अशा शब्दाच्या आतच बसू शकतो. ‘नोबडी केम’ म्हणजे कोणी आलं नाही. वाक्यात ‘नॉट’ नाही, तरी नकार पूर्ण झाला. ‘नथिंग’, ‘नेव्हर’, ‘नोव्हेअर’ यांचं असंच आहे. पण हे शब्द ओळखू येतात, कारण सगळ्यांच्या तोंडाशी तो ‘न’ उभा असतो. खरी फसगत होते ती ‘हार्डली’, ‘स्केअर्सली’, ‘बेअरली’, ‘सेल्डम’ आणि ‘रेअरली’ या पाच शब्दांत. त्यांच्याकडे पाहून नकाराची शंकाही येत नाही. मग पोरं मराठी वाक्यातलं ‘नाही’ प्रामाणिकपणे उचलतात आणि ‘डोन्ट’ करून ठेवून देतात. तुझ्या विद्यार्थिनीनं हेच केलं. तिनं आळस केला नाही, उलट एकही शब्द सुटू नये म्हणून काळजी घेतली. हे तिच्या बाबांना जरूर सांग.

पण तिच्या वाक्याचा अर्थ काय झाला हेही तिला कळायला हवं. ‘हार्डली’मध्ये एक नकार, ‘डोन्ट’मध्ये दुसरा. प्रमाण इंग्रजी वाचणारा माणूस एक तर गोंधळतो किंवा अर्थ लावतो की पाणी न मिळण्याची वेळ यांच्यावर जवळजवळ येतच नाही. मे महिन्यात टँकरची वाट बघत गुंड घेऊन उभ्या असलेल्या गावातली पोर, आणि तिच्या वाक्यात पाणी भरपूर! हीच ओळ उद्या टँकर मागायच्या अर्जात गेली तर? म्हणून मी या चुकीला किरकोळ म्हणत नाही.

आता उपाय. फळ्यावर ‘हार्डली म्हणजे फारसं नाही’ असं लिहिणं आजपासून सोड. अर्थ लिहितानाच आपण ‘नाही’ लिहून दिलं, तर पोरगं ते मोजून भाषांतरात आणणारच. त्याऐवजी लिही: हार्डली म्हणजे मुश्किलीनं, जेमतेम.

‘मुश्किलीनं’ हा तर आपल्या भागातला रोजचा शब्द. ‘यंदा तूर मुश्किलीनं दोन पोते झाली.’ हे वाक्य तू धुऱ्यावर, पारावर, बाजारात ऐकलं असशील. त्यात कुठंही ‘नाही’ नाही, तरी पीक बुडाल्याचं दुःख पूर्ण पोचतं. ‘मुश्किलीनं दोन पोते नाही झाली’ असं कोणी बोलणार नाही, कारण कमीपणा त्या शब्दातच आहे. आणि मला फार आवडणारी गोष्ट अशी की ‘हार्डली’चा जन्मही असाच झाला. ‘हार्ड’ म्हणजे कठीण. जुन्या काळी ‘हार्डली’चा एक अर्थ कष्टानं, मुश्किलीनं असाच होता. मुश्किलीनं होतं ते थोडंच होतं, म्हणून अर्थ सरकत सरकत ‘जेमतेम’वर आला आणि तिथून ‘जवळजवळ नाहीच’पर्यंत गेला. ‘स्केअर्सली’च्या मागे ‘स्केअर्स’ आहे, म्हणजे टंचाई. तो शब्द आपल्याकडच्या पोरांना समजावून सांगावा लागत नाही. ‘बेअरली’च्या मागे ‘बेअर’, म्हणजे उघडं, नुसतं.

‘सेल्डम’ आणि ‘रेअरली’साठी ‘क्वचितच’ हा पुस्तकी का होईना पण चोख शब्द आहे. त्यावर एक प्रयोग वर्गात करून बघ. एका ओळीत लिही, ‘आमच्या गावात डॉक्टर क्वचितच येतात.’ खालच्या ओळीत लिही, ‘आमच्या गावात डॉक्टर क्वचितच येत नाहीत.’ मग विचार, कोणत्या गावात राहायला जाल? पोरं दुसऱ्या ओळीकडे बोट दाखवतील, कारण त्या गावात डॉक्टर जवळजवळ रोज येतात. तेव्हा त्यांना सांग की ‘सेल्डम’सोबत ‘डझन्ट’ लिहिलं की असंच होतं. नियम पाठ करून घ्यायची गरज उरत नाही, तो त्यांच्या भाषेतच त्यांना सापडतो.

‘हार्ड’ आणि ‘हार्डली’वरून आठवलं ते सांगते. एका वर्षी ‘माझे वडील’ हा निबंध दिला होता. एका मुलाचे वडील सालदार होते. रात्रीची लाइन असली की कंदील आणि काठी घेऊन ओलिताला जायचे आणि सकाळी पुन्हा डवऱ्यामागे. पोराला बापाचे कष्ट लिहायचे होते. त्यानं लिहिलं, ‘माय फादर वर्क्स हार्डली.’ मी त्याला टेबलाजवळ बोलावलं आणि म्हटलं, याचं मराठी ‘मुश्किलीनं काम करते’ असं होतं, म्हणजे जवळपास करतच नाही. तो काही बोलला नाही. तिथंच उभ्यानं खोडरबर घेतलं आणि शेवटची ‘एल’ आणि ‘वाय’ ही दोन अक्षरं अशी घासली की कागदाला भोक पडलं. मग त्या भोकाच्या अलीकडे नुसतं ‘हार्ड’ उरलं. त्या वर्गातल्या एकाही पोरानं नंतर ती चूक केली नाही. तू हे उदाहरण तुझ्या शिकवणीत खुशाल घे.

पुढची पायरी ‘एनी’ची. ‘विहिरीत पाणी जवळजवळ नाहीच’ हे इंग्रजीत ‘देअर इज हार्डली एनी वॉटर इन द वेल’ असं होतं. इथं ‘हार्डली नो वॉटर’ लिहायचा मोह होतो, तो आवरायचा. एका क्रियेला एक नकार पुरतो, आणि तो ‘हार्डली’नं दिला की पुढच्या शब्दांनी ‘नो’चं ‘एनी’, ‘नोबडी’चं ‘एनिबडी’, ‘नेव्हर’चं ‘एव्हर’ व्हायचं. ‘ही हार्डली एव्हर कम्स.’ झालं.

दहावीच्या पोरांना पटवायचं असेल तर क्वेश्चन टॅगचा पुरावा दे. होकारी वाक्याला नकारी टॅग आणि नकारी वाक्याला होकारी टॅग, हे त्यांना माहीत असतं. ‘ही कम्स डेली’ला टॅग लागतो ‘डझन्ट ही?’ आणि ‘ही हार्डली कम्स’ला लागतो ‘डझ ही?’ टॅग होकारी लागला याचा अर्थ इंग्रजी स्वतःच या वाक्याला नकारी मानते. ‘डोन्ट’ दिसत नसला तरी तो आत आहे, याहून पक्का पुरावा कोणता देणार?

आणखी एका ठिकाणी मराठी आपल्याला चकवते आणि ते ठिकाण परीक्षेत हटकून येतं. ‘मी स्टॉपवर पोचतो न पोचतो तोच बस सुटली.’ या वाक्यात ‘न’ आहे म्हणून पोरं ‘हार्डली हॅड आय नॉट रीच्ड’ लिहितात. पण नीट बघ, मी स्टॉपवर पोचले की नाही? पोचले. मग तो ‘न’ कशाचा नकार करतो? तो फक्त दोन घटनांमधलं अंतर किती कमी होतं ते दाखवतो. इंग्रजीत ते काम एकटं ‘हार्डली’ करतं: ‘हार्डली हॅड आय रीच्ड द स्टॉप व्हेन द बस लेफ्ट.’ ‘हार्डली’ वाक्याच्या तोंडाशी आलं की ‘हॅड’ कर्त्याच्या पुढे उडी मारतो आणि जोडीला ‘व्हेन’ येतो. ‘नो सूनर’सोबत मात्र ‘दॅन’. हे एवढं पाठ करण्यावाचून इलाज नाही.

उत्तरं देतानाही आपली बोली आडवी येते. ‘जेवला नाही काय रे?’ म्हटलं की आपला पोरगा म्हणतो, ‘हाव, नाई जेवलो.’ तो विचारणाऱ्याच्या बोलण्याला होकार देतो. इंग्रजीत ‘येस’ आणि ‘नो’ हे प्रश्नाकडे न बघता आपल्या उत्तराकडे बघतात, म्हणून तिथं ‘नो, आय हॅवन्ट’. मुलाखतीला जाणाऱ्या मोठ्या मुलांना हे आधी सांग.

आता तुला छळणारी दुसरी गोष्ट, ‘मला येत नाही’ ही. दोन नकार एका वाक्यात लिहिणं ही काही फक्त आपल्यासारख्यांची चूक नाही. खुद्द इंग्रजांनी शेकडो वर्षं ते केलं. चौदाव्या शतकातल्या चॉसरनं आपल्या काव्यातल्या सरदाराचं वर्णन करताना, त्यानं आयुष्यात कोणाला अपशब्द काढला नाही हे सांगायला एकाच वाक्यात चार नकार वापरले आहेत. तिथं ते एकमेकांना कापत नाहीत, जोर वाढवतात. आपलं ‘कोणीच कधीच काहीच बोललं नाही’ जसं जोर वाढवत जातं, तसंच. पुढं लिखित इंग्रजीतून ही पद्धत हळूहळू मागे पडली, आणि 1760च्या दशकात रॉबर्ट लाउथ या धर्मगुरूनं आपल्या व्याकरणात स्पष्ट लिहून टाकलं की दोन नकार एकमेकांना खोडतात आणि होकार उरतो. शाळेतल्या व्याकरणानं तो नियम उचलून धरला. तरी लंडनच्या गल्ल्यांतल्या आणि अमेरिकेतल्या कितीतरी बोलींत लोक आजही दुहेरी नकार बोलतात. ‘आय कान्ट हार्डली’ हे अमेरिकेत जन्मलेल्या माणसाच्या तोंडूनही ऐकू येतं.

मग चूक का म्हणायचं? तुझ्या पोरांना वऱ्हाडीचं उदाहरण दे. घरी आपण ‘मले’, ‘तुले’ म्हणतो. ती चूक नाही, ती आपली बोली आहे आणि मला ती जिवापाड प्रिय आहे. पण तहसीलदारांना अर्ज लिहिताना आपण ‘मला’ लिहितो. दुहेरी नकाराचं तसंच आहे. परीक्षेच्या पेपरला, अर्जाला, मुलाखतीला प्रमाण इंग्रजी लागते, आणि तिच्यात एका क्रियेला एकच नकार. हे असं सांगितलं की पोरांना नियम कळतो आणि आपण अडाणी आहोत असं वाटत नाही. खेड्यातल्या लेकरांच्या मनातून ही दुसरी गोष्ट काढणं मला व्याकरणाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

जाता जाता एक. ‘हे अशक्य नाही’ किंवा ‘तो आल्याशिवाय राहणार नाही’ यांत दोन नकार मिळून होकार होतो, हे आपण रोज बोलतो. इंग्रजीतही ‘नॉट इम्पॉसिबल’ चालतं, कारण तिथं होकार हवाच असतो. कोणी हुशार पोरानं विचारलं तर सांगता यावं म्हणून लिहिलं.

त्या मुलीच्या बाबांचं काय करायचं? त्यांनी वही घेऊन येऊन ‘हे कसं काय?’ एवढंच विचारलं, आवाज चढवला नाही, शिकवणी सोडवली नाही. लेकीच्या वहीत काय लिहिलं जातं हे बघणारा बाप आहे तो. त्यांच्या घरी तू स्वतः जा. वहीत त्या वाक्याखाली तारीख टाकून लिही, ‘वी हार्डली गेट वॉटर इन समर,’ आणि शेजारी तुझी सही कर. त्यांना तुरीच्या दोन पोत्यांचं वाक्य सांग, त्यांना इंग्रजी येत नसली तरी ते लगेच समजेल. आणि दुसऱ्या दिवशी अकराही पोरांसमोर ‘परवा मी चुकीची खूण केली होती’ असं म्हणून धडा सुरू कर. एवढ्यानं शिकवणाऱ्याचा मान जात नाही. शिकवणी बंद करायचा विचार मात्र सोड. दारव्ह्यापर्यंत क्लासला जाण्याइतके पैसे आणि वेळ त्या अकरा घरांत किती जणांकडे आहे, हे तुला माझ्याहून जास्त ठाऊक आहे.

राहिला तुझा अर्ज. ‘जोपर्यंत कनेक्शन मिळत नाही तोपर्यंत’ असं आपण म्हणतो, त्यामुळे ‘अंटिल’च्या मागे ‘डोन्ट’ आपोआप येतो. पण ‘अंटिल’ हा त्या क्षणाकडे बोट दाखवतो ज्या क्षणी कनेक्शन मिळेल. तो क्षण मिळण्याचा आहे, म्हणून तिथं नकार बसत नाही. मनात ‘कनेक्शन मिळेपर्यंत’ असं म्हणून बघ, ‘नाही’ आपोआप गळून पडतं. ‘अनलेस’ही असाच. त्याचा अर्थच ‘नाही तर’, ‘-शिवाय’. ‘तू सही केल्याशिवाय’ म्हणजे ‘अनलेस यू साइन’. ‘अनलेस यू डोन्ट साइन’ लिहिलं तर सही न करण्याची अट घातल्यासारखं होतं.

तेव्हा तुझं वाक्य असं कर: ‘अंटिल वी गेट अ कनेक्शन, वी कॅनॉट ओपन द रूम इन द इव्हनिंग.’ बाकीचं ठीक आहे. अभ्यासिकेत रोज किती मुलं बसतात आणि खोली किती बाय किती आहे हे दोन आकडे त्याच परिच्छेदात घाल, मदत देणारे आधी तेच बघतात. शेवटी सरपंचांची सही आणि शिक्का घे आणि याच आठवड्यात पाठव.

तुझी,
मॅडम